रीफ टाकीसाठी खडक : लाइव्ह रॉक की ड्राय रॉक?

रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ व समुद्री मासे ठेवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पाणी शुद्ध ठेवण्याचे काम मुख्यत्वे खडकच करतो. त्याच्या सच्छिद्र अंगावर वसलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत अंगावर बाळगणारा, ओला ठेवून आणलेला समुद्रातील खडक, बहुधा मृत प्रवाळांचा सांगाडा, म्हणजे लाइव्ह रॉक. ड्राय रॉक तितकाच सच्छिद्र असतो, पण कोरडा व निर्जीव असल्यामुळे त्यावर ती वसाहत टाकीतच उभी करावी लागते.

भारतात राहणाऱ्याने गुणदोषांच्या आधी कायदा पाहावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश आहे. त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. विक्रेता खडकाच्या उगमाची कागदपत्रे दाखवू शकत नसेल, तर तो खडक कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी छंदिष्टांना फ्लोरिडाजवळच्या समुद्रात चुनखडीचे दगड टाकून, काही वर्षांनी ते बाहेर काढून विकला जाणारा संवर्धित लाइव्ह रॉक मिळतो आणि नैसर्गिक प्रवाळभित्तीला हात न लावणारा हा मार्ग मला मनापासून पटतो.

लाइव्ह रॉकचे खरे मोल त्याच्या जीववैविध्यात आहे. कोरलाइन शैवाल (खडकावर वाढणारे जांभळट, कठीण शैवाल), स्पंज, कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) आणि बारीक कृमी यांचा असा मेळ बाटलीबंद जिवाणूंतून मिळत नाही. मात्र प्रवासात यांतील बरेच जीव मरून कुजतात, म्हणून असा खडक वेगळ्या पिंपात, खारे पाणी फिरते ठेवून, अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मुरवावा लागतो. शिवाय त्याच्यासोबत ऐप्टेशियासारखे (झपाट्याने पसरणारे, डंख मारणारे छोटे समुद्रफूल) उपद्रवी जीव येतात. ऐप्टेशिया खरवडून काढण्याचा मोह टाळावा, कारण मागे राहिलेल्या इवल्याशा तुकड्यातूनही तो पुन्हा वाढतो.

ड्राय रॉक स्वस्त पडतो, उपद्रवी जीव आणत नाही आणि टेबलावर निवांतपणे रचून, चिकटवून मगच टाकीत ठेवता येतो. किंमत मोजावी लागते ती वेळेची. अमोनियाचा स्रोत व जिवाणू घातल्यावर अमोनियाचे नायट्रेट होण्याचे चक्र स्थिरावण्यास साधारण चार ते आठ आठवडे लागतात आणि त्यानंतरही, मोकळ्या पृष्ठभागावर आधी तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल), मग केसाळ शैवाल आणि कधी डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर करणारे एकपेशीय जीव) असे थर महिनोन्‌महिने येत राहतात. जुन्या मृत प्रवाळभित्तीतून आलेल्या दगडात सुकलेले सेंद्रिय अवशेष असतील, तर त्यातून शैवालाला खाद्य पुरवणारे फॉस्फेटही झिरपते. ते ओळखण्यासाठी दगड आठवडाभर ताज्या खाऱ्या पाण्यात भिजवून त्या पाण्याची चाचणी करावी. फॉस्फेट वाढलेले आढळल्यास पाणी बदलून तोच क्रम पुन्हा करावा.

पहिली टाकी उभारणाऱ्याला मी ड्राय रॉकच सुचवेन. वैध उगमाची खात्री असलेल्या एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील मुठीएवढा तुकडा त्यासोबत ठेवता आला, तर लाइव्ह रॉकचा बराचसा लाभ पदरात पडतो. तो तुकडा मात्र दिवसाउजेडी नीट पाहून घ्यावा आणि त्यावर एकही ऐप्टेशिया दिसला तर परत करावा.