शेतातला साधा पर्जन्यमापक: घ्यावा का?

लातूरकडं शेती करणाऱ्या प्रत्येकानं घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण महसूल मंडळातल्या (काही गावं मिळून एक) सरकारी यंत्रावर पाऊस धो धो पडतो अन् आपलं सोयाबीन कोरडंच, हे दरसाल चालूच असतं. वापरायला सोप्पा, रोज सकाळी साडेआठला रीडिंग घ्यायचं (हवामान खात्याची पण हीच वेळ, म्हणून तुलना करता येते), १ मिमी म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी, अन् २.५ मिमीच्या खाली पडला तर तो पावसाचा दिवसच धरत नाहीत.

प्लास्टिक मात्र हलकंय, उन्हानं आकडे पुसट झालेत, नरसाळ्यात पाला अडकतो. झाडापासून लांब लावा.

खरी किंमत कळते ती वही ठेवल्यावर. सरासरी गाठली म्हणून सरकारी आकडा छान दिसतो, पण मधी तीन आठवडे खंड अन् मग दोन दिवसात सगळा पाऊस, त्यात पीक कसं तगणार? आमच्याकडं १९७२ चा दुष्काळ अजून सांगतात, २०१४ अन् २०१५ लागोपाठ कोरडे गेले अन् २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. वहीत दरवर्षीचा खंड पण लिहा, नुसती बेरीज नको. चार स्टार.