स्लीव्ह की बायपास? ऑपरेशननंतरचं रोजचं जगणं शेजारी शेजारी ठेवून

वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरवताना बहुतेक जण दोन गोष्टी विचारतात: किती किलो उतरतील आणि कामावर कधी जाता येईल. या दोन्ही बाबतींत स्लीव्ह आणि बायपास एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत. खरी तफावत कळते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, ताटात, गोळ्यांच्या डब्यात आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये. आमच्या इंदूरच्या घरात दोन्ही झाल्या आहेत. माझी स्लीव्ह, मोठ्या जाऊबाईंची बायपास. स्वयंपाकघर एकच असल्याने दोघींचं खाणंपिणं, दुखणीखुपणी रोज डोळ्यांसमोर असतात. ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडक्यात, पोटात नक्की काय बदलतं ते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून खाण्याची वखवखही कमी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचं जठर पोटात तसंच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. आतड्याचा सुरुवातीचा तुकडाही वाटेतून वगळला जातो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच तुकड्यात शोषलं जातं, आणि बायपासनंतरच्या बऱ्याचशा पथ्याचं मूळ तिथे आहे. मिनी बायपास हाही एक प्रकार आहे. त्यात एकच जोड असतो, ऑपरेशन तुलनेने लवकर आटोपतं, पण काहींना पित्त वर येण्याचा त्रास होतो.

पहिले दीड-दोन महिने

इथे दोघींचं सारखंच गेलं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात-वरणासारखं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण. बैठं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत ऑफिस सुरू होतं. गॅसचा सिलिंडर सरकवणं, पाण्याच्या बादल्या उचलणं, नातवंडाला कडेवर घेणं मात्र चार ते सहा आठवडे बंद. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण चालताफिरता माणूस दिसला की सगळ्यांना तो बरा झाला असंच वाटतं.

या काळात घराघरांत एक गैरसमज दिसतो. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून वरणावरचं पाणी प्रेमाने पुढे केलं जातं. त्यात प्रथिनं फारच थोडी असतात. दोन्ही ऑपरेशनांनंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. पेलाभर दुधात साधारण ८ ग्रॅम, अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ७-८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पोटात चार-पाच चमचेच मावत असताना शाकाहारी माणसाने हा आकडा गाठायचा तर सुरुवातीला प्रोटीन पावडरला पर्याय नाही. आमच्या सासूबाईंना डब्यातली पावडर म्हणजे औषध वाटायचं. आहारतज्ज्ञांनी त्यांच्यासमोर हिशेब मांडला तेव्हा त्या स्वतःच दुधात ढवळून आणून द्यायला लागल्या. दोन्हींपैकी कोणतंही ऑपरेशन करा, घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आहारतज्ज्ञाकडे सोबत न्या.

पाण्याचंही तसंच. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, बाकी दिवसभर घोट घोट घेत दीड ते दोन लिटर. इंदूरच्या मे महिन्यात हे जमवणं अवघड जातं. पातळ ताक, नारळपाणी चालतं. इथली शिकंजी मात्र लिंबाची नसते, ती आटवलेल्या दुधाची, साखरेची आणि सुक्या मेव्याची असते. तहान लागली म्हणून ती घेऊ नये.

नाडी जोरात चालणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, श्वास लागणं, एका पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. उलट्या थांबत नसतील तर त्याही अंगावर काढू नका, कारण अशा वेळी बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

जळजळ

माझ्या मते निर्णयाची सगळ्यात मोठी कसोटी ही आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. स्लीव्हच्या अरुंद नळीत दाब जास्त असतो, त्यामुळे आम्ल वर येतं. आधी जळजळ असलेल्यांची वाढू शकते, नसलेल्यांना नव्याने सुरू होऊ शकते. मला ती नव्याने सुरू झाली. आता रात्रीचं जेवण लवकर, उशी उंच आणि सकाळी उठल्यावर गोळी असा माझा क्रम आहे. जाऊबाईंना वर्षानुवर्षं छातीत आग व्हायची. आधीच्या एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) अन्ननलिकेला सूज दिसली म्हणून सर्जननी त्यांना बायपासच सुचवली, आणि ती तक्रार जवळजवळ संपली. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांना पाच वर्षं पाहून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसतं: जळजळ वाढण्याचं प्रमाण स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के, बायपासनंतर सुमारे ६ टक्के.

सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला जाऊन खाणाऱ्या या शहरात ही गोष्ट साधी नाही. स्लीव्हनंतर उशिरा खाऊन लगेच आडवं होणं म्हणजे रात्र जागून काढणं. घरच्यांसोबत जायला काहीच हरकत नाही, भुट्ट्याच्या किसाचे दोन चमचे मी अजूनही घेते, पण सराफ्याचे बेत आता आमच्याकडे संध्याकाळीच छप्पन दुकान या खाऊगल्लीत उरकले जातात.

गोड आणि शेव

इथे बायपासची बाजू कडक आहे. साखर त्या छोट्या पिशवीतून भरकन आतड्यात उतरते आणि दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. काहींना खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण जाऊबाईंना होतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा त्या बोटाच्या टोकाएवढा घेतात, आणि तोही जेवण झाल्यावर. पोहे-जिलबीच्या सकाळी त्यांच्या बशीत पोहे असतात, वर शेंगदाणे आणि शेजारी पनीर.

स्लीव्हनंतर जिलबी बहुधा काहीच न करता पोटात उतरते. हे सुख वाटतं, पण वजन परत येतं ते याच वाटेने. पोळी-भाजीचे चार घास घेतले की नळी भरते, आइसक्रीम, मावा, बिस्किटं मात्र सरकत जातात. इंदुरात सगळ्यात जपून राहायचं ते शेवेपासून. इथे पोह्यांवर, भाजीवर, कचोरीवर, जेवणाच्या ताटाशेजारी सगळीकडे शेव असते, आणि तोंडात विरघळत असल्याने पोट भरल्याचा निरोप मिळतच नाही. गोडाची ओढ फार तीव्र असेल तर बायपास रखवालदाराचं काम करू शकते, पण केवळ या कारणासाठी ती निवडू नये. भीतीपोटी केलेलं पथ्य काही वर्षांनी सैल पडतं, आणि पुष्कळांचं डम्पिंगही काळाबरोबर सौम्य होतं.

मधुमेह

बायपास इथे सरस मानली जाते. वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत साखर खाली येऊ लागते. म्हणून इन्शुलिन आणि साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्यांचा डोस लगेच कमी करावा लागतो. जाऊबाईंचं इन्शुलिन हॉस्पिटलमधून सुटण्यापूर्वीच बरंच खाली आलं होतं. मात्र मधुमेह फार जुना असेल, इन्शुलिन बरीच वर्षं चालू असेल, तर तो पूर्ण जाईल अशी आशा धरू नका.

गोळ्या, गुडघे आणि तपासण्या

दोन्हींनंतर जीवनसत्त्वं लागतातच. माझा डबा छोटा आहे: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम, लोह. जाऊबाईंची यादी हीच, पण मात्रा मोठी आणि सवलत शून्य. त्यांचं कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं, कारण कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही. सकाळ-संध्याकाळ चहावर चालणाऱ्या घरात हे वेळापत्रक बसवायला खटपट पडते. आम्ही चहाच्या वेळा हलवल्या, गोळ्यांच्या नाही. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात रक्ततपासणी आणि मग दरवर्षी एकदा, आयुष्यभर. पाळी चालू असलेल्या शाकाहारी बाईने बायपास करून लोहाची हेळसांड केली तर पंडुरोग ठरलेलाच.

आता गुडघे. वजन जास्त असलेल्या बहुतेकांचे गुडघे दुखत असतात आणि घरात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनची पाकिटं पडलेली असतात. बायपासनंतर या गोळ्या बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. बिडी-सिगारेटही त्याच कारणाने. दाताच्या डॉक्टरपासून हाडाच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला बायपास झाल्याचं आधी सांगायला लागतं. संधिवात असून अशा गोळ्यांवाचून चालणारच नसेल तर मी स्लीव्हकडे झुकेन.

बायपासची आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. काही वर्षांनीसुद्धा आतडं आत अडकू शकतं. अचानक कळा येऊन पोट दुखलं तर ओवा-हिंग देऊन बघू नका. मागे राहिलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोचत नाही, हेही जाऊबाईंच्या फायलीत वरच लिहिलेलं आहे.

वजन

फिनलंडमधल्या २४० रुग्णांच्या अभ्यासात (हाही २०१८ चा) पाच वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं सरासरी ४९ टक्के आणि बायपासवाल्यांचं ५७ टक्के उतरलेलं होतं. एवढ्या फरकासाठी जळजळ, मधुमेह, गुडघे या गोष्टी बाजूला सारू नयेत.

बायकांसाठी

वजन उतरू लागलं की अनियमित पाळी पुष्कळदा मार्गावर येते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नये, दुसरा उपाय आधीच ठरवावा. आमच्याकडे हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. दोन्ही ऑपरेशनांनंतर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात आणि बहुतेकींचे परत येतात. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पुष्कळ डॉक्टर सहा महिने गोळी देतात.

उपासांबद्दल: हरतालिकेचा निर्जळी उपास पहिलं वर्ष दोघींनीही करू नये, आणि मधुमेहाचं औषध चालू असेल तर नंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर प्रथिनांचा दिवस वाया जातो. दही, पनीर, दाण्याची आमटी, राजगिरा असा फराळ चालतो. जाऊबाईंचा उपास सासूबाईंनी स्वतः देवापुढे सांगून मोडला, तेव्हापासून घरात तो विषयच निघाला नाही.

पैसे आणि पात्रता

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे आशियाई लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७.५ पासूनच ऑपरेशनचा विचार करता येतो. विमा मात्र सहसा बीएमआय ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत वजनामुळे झालेला गंभीर आजार असेल तरच खर्च देतो. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा कंपनी हो म्हणेल असं नाही, पूर्वपरवानगी लेखी घ्या.

देवास, उज्जैन, खंडव्याहून इंदुरात येऊन ऑपरेशन करणाऱ्यांनी पुढच्या तपासण्यांचा विचार आधी करावा. दरवर्षी रक्त देऊन रिपोर्ट दाखवायला येणं जमणार नसेल, गोळ्यांची शिस्त स्वतःला झेपेल असं वाटत नसेल, आणि जळजळ किंवा मोठा मधुमेहही नसेल, तर स्लीव्ह बरी. जळजळ जुनी असेल तर मात्र सोपं म्हणून स्लीव्ह करू नका. ती असह्य झाली तर पुढे स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करता येतं, पण ते दुसरं ऑपरेशन असतं, दुसरी भूल आणि दुसरा खर्च. सर्जनकडे पहिल्याच भेटीत एंडोस्कोपी मागा आणि तिचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.