टेदर केबल घेताना गंडलो: सॅम्पल खरं, रोल खोटा

लिहू का नको करत होतो कारण अर्धी चूक माझीपण आहे. पण घरी पाण्याखालचा रोबोट बनवणारे बरेच जण आता टेदर केबलपाशीच (वरून रोबोटपर्यंत वीज आणि डेटा नेणारी केबल) अडकले असतील म्हणून लिहितोच.

माझा रोबोट साधा. पीव्हीसी पाइपची फ्रेम, चार थ्रस्टर (पाण्यात ढकलणारे मोटरचे पंखे), पुढे कॅमेरा. बॅटरी वर ठेवायची, केबलमधून ४८ व्होल्ट खाली सोडायचे आणि खाली कन्व्हर्टरने त्याचे १२ करायचे असा प्लॅन. केबलमध्ये आठ तारा, चार पॉवरला आणि चार डेटाला. म्हणजे सगळा खेळ केबलवरच, आणि ती पाण्यात ना बुडणारी ना वर येणारी पाहिजे, नाहीतर रोबोट केबलच ओढत बसतो.

एकाने ऑनलाइन जाहिरात टाकलेली, शुद्ध तांबं, आत अरामिडचे धागे (ताण सोसणारा मजबूत धागा), फोमचं आवरण, १०० मीटर. मी म्हणलं आधी सॅम्पल दे. त्याने फुकट एक मीटर पाठवला आणि तो एक नंबर होता, खोटं कशाला बोलू. तार खरवडली तर आतपर्यंत लाल. पिवळा धागा काडीने पेटवला तर वितळला नाही, नुसता काळा पडला, अरामिड असाच वागतो. टोकं एपॉक्सीने बंद करून रात्रभर बादलीत ठेवला, सकाळी पाण्याच्या मधोमध तसाच. वजन ५० ग्रॅम. जाडी ८ मिमी म्हणजे मीटरला साधारण ५० घन सेंटीमीटर, तेवढ्या पाण्याचं वजनही ५० ग्रॅमच, हिशोब चोख. झालं, मी पूर्ण पैसे आगाऊ पाठवले. खाली एक ओळ होती, कापलेली केबल परत घेतली जाणार नाही, ती मी वाचलीसुद्धा आणि मनात म्हणलं बरोबरच आहे की.

रोल आला तेव्हा उचलताना हलका वाटला आणि मी मूर्खासारखा खूश झालो. कनेक्टर लावायला दोन्ही टोकं कापली, सोलली, सोल्डर केली. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचं टोक कोण निरखून बघतंय. टेबलावर कॅमेरा एकदम क्लियर, थ्रस्टर एकेक करून फिरवले तर मस्त फिरले. चारही एकत्र लावले की खालचा बोर्ड रीस्टार्ट. दोन आठवडे मी कन्व्हर्टर बदलतोय, कोड तपासतोय, कपॅसिटर लावतोय, केबलवर संशय शून्य कारण ती तर मी स्वतः तपासून घेतलेली ना.

शेवटी एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावला (मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करा, माझा ०.३ होता). २४ गेजचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीचं, तांबं १०० मीटरला जाऊन येऊन १७ ओहमच्या आसपास यायला हवं. माझं आलं २६. ब्लेडने तार हळूच खरवडली, दोन घासांत लाली गेली आणि खाली पांढरं चकाकलं. अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! डेटा का नीट चालत होता तेही तेव्हाच कळलं, हाय फ्रिक्वेन्सी तारेच्या कातडीवरूनच जाते आणि कातडी तांब्याचीच होती. पॉवरला मात्र आख्खी तार लागते. दोन तारा जाणाऱ्या, दोन येणाऱ्या धरल्या तर १३ ओहम, त्यातून ४८ व्होल्टवर ४४ वॅटच्या वर काही केल्या पोचतच नाहीत आणि माझ्या चार थ्रस्टरना ६० लागतात. तांबं असतं तर ६८ पर्यंत ताणता आलं असतं.

मग जे जे तपासलं ते ते खोटं निघालं. आवरणावर दर मीटरला छापलेली खूण असते, टेप लावली तर दोन खुणांमध्ये ९४ सेंटीमीटर. शेवटच्या खुणेवर रुबाबात १००! धागा पेटवला तर गोळा होऊन ठिबकला, साधा पॉलिस्टर पिवळा रंगवलेला. फोम तर पाणी पिणारा, एक मीटर तुकडा कोरडा ४४ ग्रॅम, सॅम्पलसारखीच टोकं बंद करून रात्रभर पाण्यात ठेवला तर ५६. म्हणजे आधी तरंगते आणि तासाभराने बुडायला लागते, मधलं काही नाहीच.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणे तुमचा मीटर स्वस्तातला असेल, मग म्हणे सॅम्पल तुम्हीच पास केलेलं, मग ती ओळ, कापलेली केबल परत होत नाही. आत काय आहे ते कापल्याशिवाय दिसत नाही आणि कापली की संपलं. चौथ्या मेसेजनंतर ब्लॉक. ज्या साइटवरून ओळख झाली तिथे तक्रार केली, तर पैसे थेट पाठवलेत त्यामुळे आम्ही यात नाही असं उत्तर आलं.

खरं तर रोल न उघडताच कळलं असतं हो. सॅम्पल मीटरला ५० ग्रॅम, म्हणजे रीळ सोडून रोल ५ किलो भरायला हवा, हा ४ किलोच्या थोडा वर होता. काटा घरातच होता. आता नवीन घेताना मी आधीच लिहून मागतो की दोन्ही टोकं दोन इंच सोलून मीटर लावलेला व्हिडिओ पाठवा आणि तेवढं सोललेलं कापलं धरायचं नाही. दोघांनी त्यानंतर रिप्लायच दिला नाही, तिसऱ्याने दहा मिनिटांत व्हिडिओ पाठवला, आकडा १६.९.

जुन्या रोलमधली एक जोडी फक्त डेटाला वापरतोय, बॅटरी सध्या रोबोटवरच चढवलीय आणि केबलला दर दोन मीटरवर फोमचे तुकडे बांधलेत, दिसायला फार वाईट दिसतं.