संस्थेच्या नावाचा वाद आणि नौपाड्यातील एक सल्लागार

ठाणे पश्चिमेला नौपाड्यात, गोखले रोडच्या एका आडगल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक ज्येष्ठ वकील केवळ नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास यांचीच कामे पाहतात. लेखापरीक्षण, चेंज रिपोर्ट (कार्यकारिणी वगैरे बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची सूचना), संस्थेच्या घटनेतील दुरुस्ती ही त्यांची नेहमीची कामे आहेत. आम्ही त्यांच्याकडे गेलो ते मात्र वेगळ्या कामासाठी. आमच्या संस्थेच्या नावात ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ हे शब्द आहेत आणि ते ठेवता येतील की नाही, हा प्रश्न कागदोपत्री बरीच वर्षे लोंबकळत पडला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. २०१८ मध्ये राज्याच्या धर्मादाय आयुक्तांनी, म्हणजे अशा संस्थांच्या नियामकाने, एक परिपत्रक काढले. भ्रष्टाचार निर्मूलन, भ्रष्टाचारविरोध, मानवी हक्क अशा शब्दांची नावे संस्थांना नसावीत आणि ज्यांना ती आहेत त्यांनी बदलावीत, अशी भूमिका त्यात घेतली होती. भ्रष्टाचार रोखायला आणि मानवी हक्कांचे रक्षण करायला कायद्याने नेमलेल्या यंत्रणा आहेत आणि काही मंडळी अशा नावांच्या आडून लोकांवर व अधिकाऱ्यांवर दबाव आणतात, असा त्यामागचा युक्तिवाद होता. राज्यभरातील संस्था या फेऱ्यात आल्या, तशी आमचीही आली आणि नावाबाबत धर्मादाय कार्यालयाला उत्तर देणे बाकी राहिले. पुढे मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. नावाचा कोणी गैरवापर करत असेल तर त्याच्यावर कारवाई करावी, सर्वांनाच ते नाव नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल लागला म्हणजे प्रत्येक संस्थेची फाइल आपोआप सरळ होते असे नाही आणि सल्लागाराची गरज नेमकी तिथेच पडते.

याआधी आम्ही नवी मुंबईतील एका नोंदणी सल्लागाराकडेही चौकशी केली होती. त्यांनी फाइल न उघडताच, ‘नाव बदलून टाका आणि मोकळे व्हा,’ असे सांगून ठरावाचा छापील नमुना आणि एकरकमी दर पुढे केला. नौपाड्यातील वकिलांनी सर्वप्रथम मूळ कागद मागितले: संस्थेचे ज्ञापन (उद्दिष्टे सांगणारा मूळ दस्त), संस्थेची घटना, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रे, शेड्यूल-१ चा म्हणजे धर्मादाय नोंदवहीचा उतारा आणि सभांची इतिवृत्ते. महाराष्ट्रात सोसायटीची नोंद १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली होते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही करावी लागते. नाव बदलायचे तर या दोन्ही नोंदी बदलाव्या लागतात. त्यानंतर पॅन, बँक खाते, प्राप्तिकर सवलतीच्या (‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) नोंदी, नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंद अशी रांग लागते. यातील एक जरी नोंद जुन्या नावाने राहिली तरी देणगीदाराचा धनादेश अडकतो. हे सारे त्यांनी एका कोऱ्या कागदावर बाणांनी जोडून आमच्यापुढे ठेवले आणि मग विचारले, ‘एवढे सगळे कशासाठी करायचे, ते आधी मला सांगा.’

त्यानंतरचा त्यांचा प्रश्न मला या सेवेतील सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या कोषाध्यक्ष पिशवीतून पावतीपुस्तक काढत असताना ते म्हणाले, ‘ताई, शिक्का आणलाय का? आणि तुमची ओळखपत्रे?’ शिक्का त्यांनी शाई लावून कागदावर उमटवला आणि चष्मा वर करून न्याहाळला. त्यावर अशोकस्तंभ नाही, ‘आयोग’ किंवा ‘शासनमान्य’ असे काही नाही, याची खात्री करून घेतली. एका सदस्याच्या ओळखपत्रावर मात्र लाल-निळी तिरकी पट्टी होती, अगदी पोलिसांच्या कार्डावर असते तशी. ती सर्व कार्डे परत घेऊन साध्या स्वरूपात छापून घ्या, तोवर मी उत्तराचा एक शब्दही लिहिणार नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. राजमुद्रेच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे, बोधचिन्हे आणि नावे यांविषयीचा १९५० चाही आहे. नियामकाची जी शंका रास्त आहे तिला आपण स्वतःहून उत्तर दिले तरच बाकीचा युक्तिवाद टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. गाडीच्या काचेवर ‘मानवाधिकार’ असे ठळक लिहून टोलनाक्यावर रुबाब करणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना नियामकाची बाजू अगदीच पोकळ वाटणार नाही. मलाही ती तशी वाटत नाही. तिच्यावरचा उपाय मात्र प्रामाणिक संस्थांच्या माथी मारला गेला, एवढीच माझी तक्रार आहे.

त्यांनी तयार केलेला खुलासा आटोपशीर होता. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ९ मध्ये धर्मादाय प्रयोजनांची जी व्याख्या आहे, तिच्यात गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्या जोडीला सार्वजनिक उपयुक्ततेच्या इतर उद्दिष्टांचाही समावेश होतो. आमची उद्दिष्टे त्या चौकटीत कशी बसतात, हे त्यांनी संस्थेच्या घटनेतील कलमे उद्धृत करून दाखवले. संघटना स्थापन करण्याच्या घटनादत्त हक्काचा, म्हणजे अनुच्छेद १९ (१) (ग) चा उल्लेख एकाच वाक्यात केला. आमच्या अध्यक्षांना तिथे घणाघाती परिच्छेद हवा होता. ‘साहेब, हे निवेदन आहे, सभा नव्हे,’ असे म्हणून त्यांनी तो कापला. सोबत उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आणि गेल्या काही वर्षांतील माहिती अधिकार अर्जांची, तसेच पालिकेच्या रस्तेकामांविषयीच्या पत्रव्यवहाराची सूची जोडली, जेणेकरून संस्था प्रत्यक्षात काय करते ते फाइल चाळणाऱ्याला दोन मिनिटांत कळावे. पानांना क्रमांक, डाव्या कोपऱ्यात हिरवा टॅग, जोडपत्रांना खुणेच्या चिठ्ठ्या: दिसायला क्षुल्लक, पण टेबलावरचा माणूस अशी फाइल बाजूला सारत नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. वकीलसाहेब फोन क्वचितच उचलतात, आणि त्यांच्या मदतनिसाकडून ‘साहेब कोर्ट नाक्याला गेलेत’ यापलीकडे काही कळत नाही. मसुदा ठरल्या वेळेपेक्षा बराच उशिरा हाती आला आणि त्यात आमच्या उपाध्यक्षांचे आडनाव चुकलेले होते. इमारतीला लिफ्ट नाही. संस्थांची कार्यकारिणी बहुधा निवृत्त मंडळींची असते, त्यामुळे ही अडचण किरकोळ म्हणता येणार नाही. आमच्या अध्यक्षांना पहिल्या मजल्यावरच्या कठड्याला टेकून दम घ्यावा लागला. शुल्क पंधरा हजार रुपये, त्यातील निम्मे आगाऊ. सल्ल्याचा दर्जा पाहता ते मला वाजवी वाटले, पण झेरॉक्स, टायपिंग आणि शपथपत्राचा खर्च वेगळा असतो हे आधी सांगायला हवे होते. पावतीही मागितल्यावरच मिळाली. इतरांच्या हिशेबातील कानामात्रा तपासणाऱ्या कार्यालयाला हे शोभत नाही.

आमचे नाव आज नोंदवहीत जसेच्या तसे आहे. नावाच्या वादामुळे रखडलेला कार्यकारिणीचा चेंज रिपोर्टही मार्गी लागला आहे. असा रिपोर्ट बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत दाखल करायचा असतो, आणि नावाचा वाद चालू आहे ही सबब तिथे चालत नाही, हेही आम्हाला इथेच कळले.

नव्या संस्थेची साधी नोंदणी करायची असेल तर इतके चढउतार करण्याची गरज नाही. ते काम ठाण्यात कुठेही होते. नावावर हरकत आली असेल, किंवा तुमच्या संस्थेच्या नावात मानवी हक्क, भ्रष्टाचार, ग्राहक संरक्षण असे काही असून पुढे काय, हा घोर लागला असेल, तर मात्र इथे जरूर जावे. वेळ सायंकाळी पाचनंतरची मागून घ्यावी, मूळ इतिवृत्त पुस्तक न्यावे आणि शिक्का विसरू नये.