कपडे छान, पण नंबर दिल्याशिवाय बिल नाही

परवा भाच्याच्या मुंजीसाठी कुर्ते घ्यायला गेलो, दुकानाचं नाव नाही घेत. माल खरंच चांगला, कॉटन मऊ आहे, भावही ठीक, ट्रायल रूमला आरसा मोठा (हे हल्ली दुर्मिळ झालंय). 5 पैकी 4 देणार होतो, पण मग काउंटरवर आलो.

"सर मोबाइल नंबर?" म्हटलं नको, कॅश देतोय, तर म्हणे नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही, सिस्टिम घेत नाही. अहो, ग्राहक व्यवहार मंत्रालयाने 2023 च्या मे महिन्यातच दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी अडवू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला मात्र 18 महिने दिलेत, म्हणजे तोवर आपण एसेमेस झेलायचे! कायद्यात उदाहरणच दिलंय, डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि तुम्ही हो म्हणालात तरी ती संमती लिस्टसाठी धरायची नाही, कारण सल्ला द्यायला लिस्ट लागतच नाही. मग कुर्ता विकायला माझा नंबर कशाला लागतो? आणि हा डेटा नीट न सांभाळल्यास दंड 250 कोटींपर्यंत आहे, इथे तर नंबरांची वही काउंटरवर उघडीच होती.

शेवटी मॅनेजर आले, 10 वेळा शून्य दाबलं, बिल निघालं. 3 स्टार, तेही कुर्त्यांचे.