डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांची पेटी कोणाची: सातेरी की मेलिफेरा?

डाळिंबाला नर आणि उभयलिंगी, अशी दोन्ही फुलं येतात. फळ धरतं ते बूड फुगीर असलेल्या उभयलिंगी फुलालाच, म्हणून परागीकरणासाठी मधमाश्यांची फेरी महत्त्वाची. सातेरी ही आपली देशी मधमाशी, मेलिफेरा ही युरोपीय.

आटपाडी-जतच्या सलग बागांसाठी आमचं मत मेलिफेराकडे झुकतं. वसाहत मोठी असते, माशी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाते, त्यामुळे हेक्टरी साधारण 3 पेट्या पुरतात; सातेरीच्या 5 लागतात. पण फुलोरा संपला की मेलिफेराला साखरपाक द्यावा लागतो, आणि माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ कोळ्यावर सतत नजर हवी. सातेरी हा कोळी बऱ्याच अंशी स्वतःच आवरते. तिची खोड वेगळी: ऊन चढलं, चारा आटला की अख्खी वसाहत पेटी सोडून जाते.

महाबळेश्वर, पाटणकडे मात्र सातेरीच. जंगलातल्या विखुरलेल्या फुलांवर आणि थंड सकाळीही ती कामाला लागते.

पेटी कोणतीही असो, 5 ते 10 टक्के फुलं उमलल्यावरच आत आणा. आधी आणली तर माश्यांना शेजारच्या पिकाची सवय लागते. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा; फवारायचंच असेल तर सूर्यास्तानंतर.