कॉन्टूर स्टिक: रंग उत्तम, पण घटकांच्या यादीवरच स्टिकर

दिवाळीच्या आधी जळगावात घेतलेली ही 8 ग्रॅमची क्रीम कॉन्टूर स्टिक (गालाखाली सावली दाखवून चेहरा रेखीव करणारी मेकअपची कांडी) मी अख्खी लग्नसराई वापरली. रंगाबद्दल तक्रार नाही. सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यावर बरेच कॉन्टूर केशरी दिसतात, कारण त्यांत लाल आयर्न ऑक्साइड (लोहाचा रंग) जास्त आणि काळं कमी असतं. ही गालाखाली खरोखर सावलीसारखी बसते. आपल्याकडच्या मे महिन्यात कांडीवर तेलाचे थेंब येतात, ते टिश्यूने टिपले की झालं. एवढ्यावर मी चार तारे देऊन मोकळी झाले होते.

मग मावसबहिणीच्या हळदीनंतर दोन्ही गालांवर, नेमके जिथे स्टिक फिरवते तिथेच, लाल चट्टे आले आणि खाज सुटली. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "यात काय काय आहे? खोका आणा."

खोका मी जपून ठेवला होता. पण आयातदाराचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि एमआरपी असलेला पांढरा स्टिकर बरोबर घटकांच्या यादीवर चिकटवलेला! शेजारची अख्खी बाजू कोरी. हेअर ड्रायरने गरम केला, खोबरेल तेल लावलं, शेवटी स्टिकर निघाला तो खालची छपाई घेऊनच. 649 रुपये मोजून चेहऱ्याला काय फासतोय ते वाचता येऊ नये, याचा मला अजूनही संताप येतो.

कस्टमर केअरचं उत्तर असं की एवढ्या लहान पॅकवर यादी छापणं बंधनकारकच नाही. शोधलं तर ते खरं निघालं. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत 30 ग्रॅमपेक्षा कमी घन किंवा अर्धघन पॅकला आणि 60 मिलीपेक्षा कमी द्रवाला यातून सूट आहे. आता 30 ग्रॅमची कॉन्टूर स्टिक कुणी पाहिली आहे का? काजळ, लिपस्टिक, कन्सीलर, डोळ्या-ओठांना लागणारं सगळं या सुटीत बसतं. ही सूट काढायलाच हवी.

मी मेल करत राहिले, तेव्हा यादीचा फोटो आला. त्यात प्रॉपिलपॅराबेन, म्हणजे माल टिकवणारं एक पॅराबेन रसायन, दिसताच घरात सगळ्यांनी त्यालाच दोषी धरलं. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जीच्या बाबतीत पॅराबेन फार गरीब असतात. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये त्यांना 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर' म्हटलं होतं. डॉक्टरांचं बोट यादीत शेवटाकडच्या एका शब्दावर होतं: 'परफ्यूम'. या एका शब्दाखाली कितीतरी सुगंधी रसायनं लपतात. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट केली आणि सुगंधी मिश्रणाचीच जागा लाल झाली. कॉन्टूरला वास हवा कशाला? तो कोण हुंगणार आहे?

यादीतले सीआय 77491, 77492, 77499 हे रंगांचे क्रमांक पाहून मात्र घाबरू नका, ती लाल, पिवळी आणि काळी आयर्न ऑक्साइडं आहेत. शिसं कुठल्याच यादीत सापडणार नाही. रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे, पण ते खनिज रंगातून अशुद्धी म्हणून येऊ शकतं. म्हणून विनानावाच्या, सुट्या पॅलेट मी रस्त्यावरून घेत नाही. पावडर कॉन्टूर घेणाऱ्यांनी टाल्क बघावं. जुलै 2024 मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आहे. माझ्या स्टिकमध्ये टाल्क नाही, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

चाराचे दोन तारे केले. पैसे परत मिळाले नाहीत, "वापरलेला माल" म्हणे. अर्ध्याहून जास्त कांडी उरली आहे. नणंदेला वासाचा त्रास नाही, पण तिलाही मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघायला सांगितलंय. कंपनीने दुसरं काही नाही केलं तरी चालेल, निदान तो स्टिकर शेजारच्या कोऱ्या बाजूला लावावा.